कोऱ्या लाकडाला चेहरा

जपानच्या ईशान्येला, मियागी प्रांतात, नारुको नावाचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव आहे. तिथे बाहुलीचंच राज्य आहे. रस्त्याकडेचे टेलिफोन बूथसुद्धा बाहुलीच्या आकाराचे. या बाहुलीला हात नाहीत, पाय नाहीत. वर गोल डोकं, खाली गोलाकार धड, अंगावर शेवंतीची फुलं आणि डोक्यावर चार-पाच रेघांत उरकलेला चेहरा. हीच कोकेशी. गावातले काही कारागीर येणाऱ्या पाहुण्याला एक कोरी बाहुली देतात, सोबत बारीक कुंचला, काळी शाई, लाल आणि हिरवा रंग देतात आणि सांगतात, काढा चेहरा.

यात गंमत अशी की या धंद्यात उमेदवारी करणाऱ्याच्या हाती तोंडाचा कुंचला फार उशिरा यायचा. आधी लाकूड ओळखायचं, हत्यारं तापवून ठोकून घडवायची, मग कातायला शिकायचं. ते हातात मुरलं की अंगावरच्या रेघा आणि फुलं. चेहरा अगदी शेवटी. पाहुणा मात्र शिडीच्या शेवटच्या पायरीवरून सुरुवात करतो. बाकीचं सगळं कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं. हे सगळं म्हणजे काय, ते कळल्याशिवाय त्या चार रेघा इतक्या जड का जातात हे समजत नाही.

कोकेशी घडवणारे लोक मुळात बाहुलीवाले नव्हतेच. ते कातारी. डोंगरात झाडं बघत फिरायचं आणि चरकावर वाट्या, ताटल्या, तबकं कातायची हा त्यांचा पिढीजात उद्योग. नवव्या शतकातला राजपुत्र कोरेताका याला ते आपला मूळपुरुष मानतात. तोहोकु म्हणजे ईशान्य जपानातल्या डोंगरात जिथे जिथे उन्हाळी होती, त्यांच्या आसपास यातली काही कुटुंबं स्थिरावली. शेतीच्या कामातून उसंत मिळाली की आजूबाजूचे शेतकरी तांदूळ आणि भांडीकुंडी घेऊन या झऱ्यांवर येत, हातानं शिजवून खात आणि अंग शेकत दिवसचे दिवस राहत. परत जाताना घरच्या पोरांसाठी काहीतरी न्यायला हवं. कातारी वाट्यांसोबत भोवरे आणि साध्या बाहुल्या कातू लागले ते या गिऱ्हाइकासाठी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. बाहुलीवर लाल रंग भरपूर असे, कारण लाल रंगानं देवीची साथ दूर राहते अशी तेव्हा समजूत होती.

लाकूड बहुधा मिझुकी नावाच्या झाडाचं. हे लाकूड पांढरं, बारीक पोताचं आणि कातायला मऊ. तोडून, साल काढून ते महिनोन्महिने हवेवर सुकवतात. घाई केली तर घडवल्यावर बाहुली तडकते. पूर्वीचा चरक दोन माणसांचा होता. एकानं आसावर गुंडाळलेली दोरी आळीपाळीनं दोन्ही बाजूंनी ओढायची, दुसऱ्यानं कातायचं. आस एकदा इकडे आणि एकदा तिकडे फिरे, त्यामुळे हत्यार लागे ते निम्म्याच वेळी. एकट्यानं पायानं फिरवायचा चरक मेइजी काळात, 1880च्या दशकात या भागात आला. आता विजेची मोटर आहे, पण टोकाला वाकवलेली लांब दांड्याची हत्यारं बरेच कारागीर अजून स्वतःच भट्टीत घडवतात. कातून झालं की लाकूड घासायचं. त्यासाठी पूर्वी तोकुसा नावाच्या खरखरीत वनस्पतीचे दांडे वापरत, आता पॉलिशपेपरही चालतो.

नारुकोची खासियत मानेत आहे. इथे डोकं वेगळं कातलं जातं आणि धड चरकावर फिरत असतानाच ते त्याच्या खोबणीत दाबून बसवतात. घर्षणानं लाकूड तापतं, मान आत सरकते आणि निवल्यावर घट्ट बसते. डिंक नाही, खिळा नाही. मग डोकं फिरवलं की कुई कुई आवाज येतो. नारुकोची बाहुली रडते असं म्हणतात ते त्यामुळे.

आता चेहरा. त्यासाठीचा कुंचला मूठभर केसांचा नसतो. त्याचं टोक लांब आणि सुईसारखं असतं. शाई दगडावर पाण्यात उगाळलेली. बाहुली डाव्या हातात आडवी धरायची, उजव्या हाताची करंगळी आधाराला टेकवायची आणि एका दमात रेघ ओढायची. वरची पापणी कमानीसारखी, तिच्याखाली बुबुळाचा ठिपका, वर भुवई, मधे नाकाची लहानशी खूण, खाली तांबडे ओठ. कपाळावर काळ्या बटा आणि त्यांना बांधलेली लाल फीत, कानांच्या बाजूला केसांच्या झुलपा. एवढंच. सरावलेल्या हाताला याला फारसा वेळ लागत नाही.

पहिल्यांदा कुंचला धरणाऱ्याचा मात्र इथे कस लागतो. सावंतवाडीची लाकडी ठकी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना फरक पटकन कळेल. ठकीच्या अंगावर रंगाचा जाड थर बसतो. चुकलं तर वाळू द्यायचं आणि वरून पुन्हा रंगवायचं. कोकेशीवर थर नसतोच. शाई आणि पाण्यात विरघळलेले रंग थेट लाकडात मुरतात. रेघ पुसता येत नाही, झाकता येत नाही. शाई पातळ झाली किंवा लाकूड नीट घासलेलं नसलं तर ती पोताच्या दिशेनं फुटते आणि पापणीला नको तिथे केस उगवतात. पाहुण्याची रेघ फुटत नाही याचं निम्मं श्रेय त्याच्या हाताला नसतंच. ते लाकूड सुकवणाऱ्याला आणि घासणाऱ्याला जातं.

दुसरी अडचण गोलाईची. कागदावर जी रेघ सरळ येते ती चेंडूसारख्या डोक्यावर खाली घसरते. शिवाय एक डोळा निभावून नेणं त्या मानानं सोपं. खरी परीक्षा दुसऱ्या डोळ्याची, कारण पहिल्यानं आता त्याची उंची, लांबी आणि कमान ठरवून टाकलेली असते. दुसरा डोळा तांदळाएवढा वर गेला तरी बाहुली संशयानं बघू लागते. बुबुळ पापणीला पूर्ण चिकटलं तर ती पेंगुळते, सुटून खाली आलं तर दचकते. मग नवशिक्या सुधारणेच्या नादाला लागतो. डावी पापणी जाड झाली म्हणून उजवी जाड करतो, उजवी जास्त झाली म्हणून पुन्हा डावी. बाहुली काजळ फासून नाटकाला निघाल्यासारखी दिसू लागते. कारागीर हे करत नाही. त्याची रेघ जशी उतरली तशी उतरली. पुढच्या बाहुलीवर ती वेगळी उतरेल.

आणि कोणती रेघ ओढायची हे त्याला दर वेळी नव्यानं ठरवावं लागत नाही. ते घराण्यानं ठरवलेलं असतं. पारंपरिक कोकेशीची साधारण 11 घराणी मानली जातात आणि बहुतेकांची नावं त्या त्या गावावरून किंवा भागावरून पडली आहेत. फुकुशिमातल्या त्सुचियुच्या बाहुलीचं डोकं लहान, डोक्यावर गोल कडी आणि अंगावर आडवे पट्टे असतात. हे पट्टे बाहुली चरकावर फिरत असताना नुसता कुंचला टेकवून उठवलेले. तोगात्ताचं डोकं मोठं, त्यावर माथ्यापासून उमलत गेलेल्या लाल पाकळ्या आणि डोळे चंद्रकोरीसारखे निमुळते. त्सुगारूच्या बाहुलीच्या अंगावर कधी दारुमा या बौद्ध भिक्षूचा रागीट चेहरा, कधी मोठाली फुलं. पापणी एकेरी की दुहेरी, नाक ठिपक्यासारखं की दोन रेघांचं, यावरून जाणकार गाव सांगतात आणि पुष्कळदा कारागीरही.

या सगळ्यात एक घराणं विचारात पाडतं. मोरिओकाच्या बाजूच्या नांबू घराण्याच्या जुन्या बाहुलीला चेहराच नाही. डोकं सैल बसवलेलं, हलवलं की डुलणारं, आणि अंगावर रंगाचा टिपूसही नाही. ही बाहुली दात येणाऱ्या बाळाच्या हातात चघळायला दिली जाई. तोंडात जाणार म्हणून रंग नको. बाळाला तिच्या डोळ्यांची गरजही नव्हती. बाकीच्या गावांतल्या बाहुल्यांना चेहरे होते, पण त्याही पोरांच्याच हातच्या. त्या पाठीशी बांधल्या जात, चिखलात पडत, झिजत आणि शेवटी टाकून दिल्या जात. त्यांच्या भुवयांकडे निरखून बघणारं कुणी नव्हतं.

ते बघणारे आले तेव्हा बाहुली संपत चालली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेल्युलॉइडची आणि पत्र्याची खेळणी बाजारात आली आणि पोरांनी लाकडाकडे पाठ फिरवली. कित्येक कातारी पुन्हा वाट्या आणि तबकांकडे वळले. नेमक्या त्याच सुमारास शहरांतली मोठी माणसं या बाहुल्या शोधू लागली. सेंदाईच्या आमाए तोमिया यांनी 1928 साली कोकेशीवरचं पहिलं पुस्तक काढलं. त्यानंतर संग्राहकांच्या मंडळ्या, सूची, प्रदर्शनं सुरू झाली. डोंगरातल्या गावात कुणी म्हातारा अजून कातत असेल तर त्याला गाठून, विनवून बाहुल्या करून घेतल्या गेल्या. बाहुली चघळणारं गिऱ्हाईक गेलं आणि बघणारं आलं.

बघणाऱ्याच्या मागण्या वेगळ्या. बाहुलीच्या तळाशी कारागिराची सही हवी. काही जण सहीसोबत आपलं वयही लिहू लागले. त्यामुळे एकाच माणसाचे तिशीतले, पन्नाशीतले, ऐंशीतले चेहरे ओळीनं मांडून बघता येऊ लागले आणि कुणाचा कोणता काळ बहरातला यावर वाद झडू लागले. त्सुगारूतल्या नुरुयू गावचे मोरी हिदेतारो यांच्या सुरुवातीच्या बाहुल्यांचे डोळे बारीक आणि रांगडे आहेत. पुढच्या काळातल्या बाहुल्यांना पापण्यांचे केस फुटले आणि त्या गावच्या सुंदरी झाल्या. दोन्हींचे चाहते वेगळे. मियागीतल्या शिरोइशी शहरात 1959 पासून देशभरच्या कोकेशींची स्पर्धा भरते. नारुकोत कोकेशीचं स्वतंत्र संग्रहालय 1975 साली उभं राहिलं. मियागीच्या पारंपरिक कोकेशीला 1981 साली सरकारनं राष्ट्रीय पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. हा सगळा डोलारा चेहऱ्याकडे बघणाऱ्या डोळ्यांवर उभा आहे.

म्हणून पाहुण्याच्या हाती शेवटच्या पायरीचा कुंचला देणं हा नुसता पर्यटनाचा खेळ वाटत नाही. कातायला बसवलं असतं तर दिवसभरात त्यानं एक बाहुली वाया घालवली असती आणि पाठ धरली असती, एवढंच. त्यातून गिऱ्हाईक तयार होत नाही. चेहऱ्यानं होतं. दुकानात शिरताना फळीवरच्या बाहुल्या त्याला सारख्याच दिसलेल्या असतात, गोड आणि छापील. आपल्या हातानं एक बिघडवली की त्याच फळीवर त्याला निराळंच दिसू लागतं. या बाहुलीच्या पापणीची रेघ बारीक सुरू होऊन मधे भरली आहे आणि पुन्हा बारीक होत संपली आहे. त्या दुसरीचे डोळे नाकाच्या जवळ आहेत, म्हणून ती लहान वाटते. तिसरीचा ओठ जरासा तिरका आहे आणि तो तसाच राहू दिला आहे. किमतीतला फरक मघाशी अवाजवी वाटत होता. आता तो बहुधा कमीच वाटतो.

कारागीर त्या फसलेल्या बाहुलीवर हात चालवत नाही. डोळे सावरून देणं त्याला जमणार नाही असं नाही, पण ती त्याची बाहुली नव्हे. तळाशी तो स्वतःची सही करत नाही, करायचीच तर पाहुण्यानं करायची. मेण लावायचं असेल तर लावतो आणि कागदात गुंडाळून देतो. तिच्यासोबत पुष्कळदा एक विकतची बाहुलीही पिशवीत जाते, आणि ती निवडायला पाहुण्याला आता बराच वेळ लागतो.