तुरळक ठिकाणी म्हणजे नेमकं कुठं?

मृग जवळ आला की आमच्या गट ऑफिसच्या पायरीवर एकच चर्चा : यंदा नक्षत्राचं वाहन कोणतं? पंचांगात म्हैस, बेडूक, हत्ती निघाला की चेहरे खुलतात. कोल्हा निघाला की पडतात. मागे एकदा वाहन म्हैस असून पंधरा दिवस थेंब नव्हता. एक वडीलधारे सभासद शांतपणे म्हणाले, "म्हैसच ती. वाटंत डबकं दिसलं असंल, बसली असंल."

रेडिओवर 'तुरळक ठिकाणी पाऊस' असे शब्द आले की कुणीतरी विचारतोच, "तुरळक म्हंजे कुठं?" उत्तर ठरलेलं, "बांधाच्या पलीकडं." हवामान खात्याच्या भाषेत तुरळक म्हणजे विभागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर. चारातली तीन ठिकाणं कोरडीच! तेव्हा हा विनोद हिशेबाला धरूनच आहे म्हणायचा. पाऊस आणि तोडीची चिठ्ठी, दोन्ही शेजाऱ्याकडं आधी जातात, हेही आम्ही निमूट ऐकून घेतो. (चिटबॉयने रागावू नये.)

पण उसवाल्याच्या या हसण्याला कारण आहे. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, तुटते सोळा-अठरा महिन्यांनी. एकाच पिकाला दोन पावसाळे अंगावर घ्यावे लागतात. २०१८ ची लागण आठवा. त्या साली पावसाने लवकर पाठ फिरवली. २०१९ च्या उन्हाळ्यात सांगलीच्या पूर्वभागात टँकर धावले आणि ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेला महापूर! जतकडे टँकर चालूच होते, इकडे नदीकाठचा ऊस शेंड्यापर्यंत पाण्यात. सुरळीत गाळ बसला, शेंडे कुजले, पांगशा फुटल्या, वजन गेलं. ऑक्टोबरअखेर पुन्हा अवकाळी आलाच.

पूर ओसरल्यावर आम्ही एका सभासदाच्या फडात गेलो. गुडघाभर चिखल, कुबट वास. काय बोलावं सुचेना. तेच म्हणाले, "उन्हाळ्यात देवाकडं पाण्याचा अर्ज केला हुता. गट नंबर बरोबर लिवला, किती तास ते लिवायचं ऱ्हायलं."

आम्ही हसलो. तेही हसले. मग एक ऊस मोडून आतली लाल पडलेली कांडी त्यांनी आमच्या हातात दिली. "आता तोड तेवढी लवकर द्या. आभाळाला कोण सांगणार? तुमाला तरी सांगता येतं."