शटर वर जात नाही

सेलू हे आपल्या परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. कापसाची जुनी पेठ. अशा पेठांतल्या मोठ्या दुकानांना, गोदामांना आता मोटारीचे शटर बसवतात. बटण दाबले की शटर वर जाते. पण एखाद्या दिवशी बटण दाबले तरी ते हलत नाही. बाहेर कापसाची गाडी उभी असते. मग माणूस घाईने बटण दाबतच राहतो. तसे करू नये.

आधी शटर चालते कसे ते समजून घेऊ. दाराच्या माथ्यावर एक आडवा लोखंडी नळ असतो. चटईची वळकटी करावी तसे शटर त्याच्यावर गुंडाळले जाते. मोटार तो नळ फिरवते. दोन्ही बाजूंना उभ्या पन्हळी असतात. त्यांतून शटर सरकते.

आता पहिल्यांदा खाली वाका. खालच्या पट्टीचे कुलूप काढले आहे ना? हसू नका. कुलूप तसेच ठेवून बटण दाबले, की मोटार वर ओढते आणि कुलूप सोडत नाही. शटरच्या पट्ट्या वाकतात. खर्च मोठा येतो.

कुलूप काढलेले आहे, तर लाईट बघा. लाईट आहे, पण मोटारीचा आवाजच नाही? मग फ्यूज बघा. रिमोटने चालत नाही पण भिंतीवरच्या बटणाने चालते, तर मोटार चांगली आहे. रिमोटचा सेल बदला. शटर दोनचार वेळा लागोपाठ वरखाली केले असेल, तर मोटार तापून आपोआप बंद पडते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा हे लवकर होते. अर्धा तास थांबा. थंड झाली की ती पुन्हा चालते.

मोटार नुसती गुणगुणते, पण फिरत नाही. असे का होते? ज्यांच्या विहिरीवर मोटार आहे, त्यांना हे ठाऊक आहे. एक तर लाईट कमी दाबाने येते, नाहीतर कंडेन्सर गेलेला असतो. शटरचेही तसेच आहे. बटण लगेच सोडा, नाहीतर मोटार जळेल. कंडेन्सर स्वतः उघडू नका. लाईट बंद केली तरी त्यात वीज उरते.

कधी दोष मोटारीत नसतोच. पन्हळीत माती बसते, खडा अडकतो. मेन बटण बंद करून पन्हळ फडक्याने पुसून घ्या.

दार तातडीने उघडायचे असेल, तर मोटारीजवळ लोंबणारी साखळी कामाला येते. आधी मेन बटण बंद करा. मग साखळी हळूहळू ओढा. एका बाजूने ओढली की शटर चढते, दुसऱ्या बाजूने उतरते. शटर नेहमीपेक्षा जड लागले, किंवा एका अंगाला कलले, तर साखळी सोडून लांब व्हा. काही शटरांच्या नळात ताणलेली स्प्रिंग असते. ती तुटली तर शटरचे सारे वजन खाली येते. तिला मिस्त्रीनेच हात लावावा.

आणि पोरांना शटरखाली खेळू देऊ नका. अमेरिकेत घरच्या मोटारगाडीच्या खोलीला असेच विजेचे दार असते. त्याखाली सापडून तिकडे मुले मेली. म्हणून १९९३ पासून तिथे नवा कायदा लागू झाला. दार उतरताना मध्ये कोणी आले, तर ते आपोआप उलटे वर गेले पाहिजे. आपल्या पेठेतल्या पुष्कळ शटरांना अशी सोय नसते. ती आहे का, हे शटर घेतानाच विचारावे. जरा जास्त पैसे गेले तरी चालतील.

मिस्त्रीला बोलावताना नुसते ‘बिघडले’ म्हणू नका. आवाज येतो की नाही, शटर कुठे अडले, लाईट होती का, हे सांगा. मोटारीवर पत्र्याची छोटी पाटी असते. तिच्यावर किती किलो वजन उचलते तो आकडा असतो. तो वहीत उतरवून ठेवा. कंडेन्सर बदलला तर ती तारीखही त्याच पानावर लिहा.