तिघांत एक गाडी

१९९० साली जर्मन फॉर्म्युला थ्रीचे विजेतेपद मिखाएल शूमाकरने पटकावले. पुढच्या वर्षी ते टॉम क्रिस्टेन्सन नावाच्या डॅनिश तरुणाकडे गेले. त्याच १९९१ च्या ऑगस्टमध्ये जॉर्डन संघाचा एक ड्रायव्हर लंडनमध्ये तुरुंगात गेला, त्याची जागा रिकामी झाली आणि शूमाकर बेल्जियममधल्या स्पाच्या शर्यतीत फॉर्म्युला वनमध्ये उतरला. पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. क्रिस्टेन्सनसाठी कुठे जागा रिकामी झाली नाही. तो जपानला गेला.

गंमत अशी की शूमाकर तोवर मर्सिडीजच्या स्पोर्ट्स कार चालवत होता. स्पाच्या दोनच महिने आधी तो फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पाचवा आला होता, आणि शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरीही त्याचीच होती. म्हणजे फॉर्म्युला वनच्या सम्राटाने ज्या दारातून पाय बाहेर काढला, त्याच दारातून पुढे क्रिस्टेन्सन आत शिरला. आणि तिथेच राहिला. ल माँमध्ये १८ वेळा उतरून ९ वेळा जिंकणारा दुसरा माणूस अजून झालेला नाही.

क्रिस्टेन्सनचा जन्म ७ जुलै १९६७ चा, उत्तर डेन्मार्कमधल्या होब्रो या छोट्या गावातला. वडील कार्ल एरिक यांचा पेट्रोल पंप होता आणि ते स्वतः शर्यतींत गाड्या पळवायचे. घरातच तेलाचा वास, तेव्हा पोरगा कार्टमध्ये बसला यात नवल नाही. आपल्याकडे मॉलच्या गच्चीवर पैसे मोजून दहा मिनिटे चालवायला मिळते ती कार्ट मात्र डोळ्यांपुढे आणू नये. शर्यतीच्या कार्टला सस्पेन्शन नसते. मागची दोन्ही चाके एकाच सलग आसावर बसवलेली असतात, मध्ये डिफरन्शियल नसते. त्यामुळे वळणावर आतले आणि बाहेरचे चाक एकाच गतीने फिरते आणि गाडी वळायलाच तयार नसते. मग स्टिअरिंग असे मारायचे की सांगाडा पिळवटून आतले मागचे चाक जमिनीवरून जरासे उचलले जावे. फार वेळ उचललेले राहिले तर वेग मरतो, लवकर टेकले तर गाडी पुन्हा सरळ ओढते. हे मीटरवर दिसत नाही. सीट थेट सांगाड्यालाच बसवलेली आणि बूड जमिनीपासून चार बोटे वर, तेव्हा जे कळायचे ते बुडालाच कळते. दहा-अकरा वर्षांच्या वयात हे अंगात मुरलेल्या पोराला पुढे हजार किलोच्या गाडीचे टायर घसरण्याच्या बेतात आहेत हे घसरण्याआधी कळते. म्हणूनच गेल्या चाळीस वर्षांतले बहुतेक अव्वल ड्रायव्हर कार्टिंगमधून आलेले दिसतात.

कार्टिंगनंतरची वाट मात्र हुशारीइतकीच पैशाची असते. पेट्रोल पंपवाल्याचा मुलगा जर्मन विजेता झाला तेव्हा चोविशीत होता, म्हणजे या धंद्याच्या हिशेबाने जरा उशीरच. जपानची त्या काळातली गोष्ट वेगळी होती. तिथले संघ आणि टायर कंपन्या ड्रायव्हरकडून पैसे घेत नसत, उलट देत. एडी अर्विन, हाइन्झ-हाराल्ड फ्रेन्ट्झन, झाक विलनव्ह असे युरोप-अमेरिकेतले कितीतरी होतकरू तेव्हा तिथे पोट भरत होते. क्रिस्टेन्सनने १९९३ मध्ये जपानी फॉर्म्युला थ्री जिंकली, जोडीला टोयोटाच्या टूरिंग कार चालवल्या, फॉर्म्युला थ्री थाउजंडही. या आठवड्यात एक गाडी, पुढच्या आठवड्यात दुसरी. ब्रेक वेगळे, टायर वेगळे, इंजिनियरची भाषा वेगळी. त्याच्या चरित्रात ही वर्षे दोन ओळींत उरकली जातात. मला मात्र खरी तालीम तिथलीच वाटते. फॉर्म्युला वनचा माणूस गाडी आपल्या मापाची करून घेतो. क्रिस्टेन्सनसारख्यांनी मिळेल त्या गाडीच्या मापाचे व्हायला शिकून घेतले.

फॉर्म्युला वनची हुलकावणी त्यानंतरही चालू राहिली. त्याने टिरेल संघासाठी चाचण्या केल्या, मिशेलिनचे टायर तपासून दिले, पण शर्यतीच्या दिवशी ती सीट कधी त्याची झाली नाही.

जून १९९७. जर्मनीच्या योस्ट संघाला ल माँच्या तोंडावर तिसरा ड्रायव्हर हवा होता. क्रिस्टेन्सनला फोन आला तेव्हा शर्यतीला आठवडाही उरला नव्हता. त्याचे दोन्ही जोडीदार, मिकेले अल्बोरेतो आणि स्टेफान योहान्सन, एकेकाळचे फेरारीचे ड्रायव्हर. गाडी मोठी विचित्र होती: सांगाडा मूळचा जॅग्वारचा, इंजिन पोर्शचे, वरून उघडी. हीच गाडी आदल्या वर्षी जिंकली होती, तरी पोर्श कारखान्याची भिस्त आपल्या नव्या ९११ जीटी-वनवर होती. साडेतेरा किलोमीटरहून लांबीचा तो रस्ता. त्यातला बराचसा भाग एरवी ट्रक, एसट्या आणि गावकऱ्यांच्या गाड्या जातात तो सरकारी मार्ग. पहिल्यांदाच आलेल्या या नवख्याने रात्रीच्या काळोखात शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी मारली. कारखान्याची एक जीटी-वन रविवारी सकाळी बाद झाली, दुसरी आघाडीवर असताना शेवटच्या काही तासांत पेटली. योस्टची गाडी एका फेरीने जिंकली.

अल्बोरेतो पुढे २००१ च्या एप्रिलमध्ये ऑडीची चाचणी घेताना लाउसिट्झरिंगवर टायर फुटून झालेल्या अपघातात गेला.

स्पोर्ट्स कारच्या दीर्घ शर्यतीत एका गाडीला बहुधा तीन ड्रायव्हर असतात. ल माँमध्ये कोणालाही सहा तासांत चार तासांपेक्षा जास्त आणि एकूण चौदा तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही. गाडी पिटमध्ये थांबते, इंजिन बंद होते, पेट्रोल भरायला लागते. उतरणारा ड्रायव्हर आत येतानाच पट्टे सैल करत आलेला असतो. तो स्वतःच्या मापाचा सीटमधला साचा उपसून काढतो, बाहेर पडतो आणि लगेच वळून आत बसलेल्याचे पट्टे आवळतो, रेडिओची तार जोडतो, पाण्याची नळी तोंडाशी आणतो. क्रिस्टेन्सनच्या काळात पेट्रोल भरून होईपर्यंत टायरला हात लावायची परवानगी नसे, तेवढ्या वेळात हे आटपायचे. वाकून पट्टे आवळता आवळता दोन वाक्ये बोलून घ्यायची: पुढचे डावे टायर दमले आहे, अमक्या वळणावर तेल सांडले आहे.

सीटचे साचे वेगळे करता येतात, पण पेडल, आरसे, स्टिअरिंग, ब्रेकचा मागचा-पुढचा समतोल हे सगळे तिघांनी मिळून ठरवायचे. क्रिस्टेन्सनचा ऑडीतला जोडीदार ॲलन मॅकनिश बुटका, क्रिस्टेन्सन त्याच्यापेक्षा उंच. स्वतःच्या वेगासाठी गाडी जुळवून घेतली आणि बाकीचे दोघे प्रत्येक फेरीला सेकंदभर मागे पडले, तर कमावले काय? सामाईक विहिरीच्या पाळीसारखे हे काम आहे. आपल्या पाळीत पंप जाळला तर शेजाऱ्याचेही शेत वाळते.

आता त्याच्या १८ शर्यतींकडे पाहू. चौदा वेळा गाडी शेवटपर्यंत पोहोचली आणि त्या चौदाही वेळा तो पहिल्या तिघांत होता. उरलेल्या चारांपैकी १९९८ साली बीएमडब्ल्यूच मोडली. बाकीच्या तीन वेळा गाडी गेली तेव्हा स्टिअरिंगवर जोडीदार होता. १९९९ मध्ये बीएमडब्ल्यू काही फेऱ्यांनी पुढे होती. एक सुटा झालेला भाग ॲक्सिलरेटरच्या यंत्रणेत अडकला आणि जेजे लेहतो पोर्श वळणांवर भिंतीला धडकला. २००७ मध्ये ऑडी आघाडीवर असताना रिनाल्दो कापेल्लोच्या पाळीत मागचे चाकच निघून गेले. त्या वर्षीची ही शर्यत क्रिस्टेन्सनला मिळाली हेच विशेष होते. एप्रिलमध्ये हॉकेनहाइमच्या डीटीएम या जर्मन टूरिंग कार शर्यतीत झालेल्या भीषण धडकेत त्याच्या डोक्याला मार लागला होता. २०११ मध्ये मॅकनिश पहिल्याच तासात एका फेरारीला लागून उडाला. तो सुखरूप बाहेर आला, पण क्रिस्टेन्सन त्या दिवशी गाडीत बसलासुद्धा नाही.

लेहतोबरोबर तो २००५ मध्ये जिंकला. कापेल्लोबरोबर २००८ मध्ये. मॅकनिशबरोबर २०१३ मध्ये. शर्यत घालवल्याबद्दल एखाद्याने जोडीदार टाळला असता, तर तो माणसाचा स्वभाव म्हणून आपण समजून घेतले असते. नऊ विजयांत त्याचे अकरा वेगवेगळे जोडीदार झाले: इटालियन, स्वीडिश, जर्मन, इंग्रज, जपानी, फिनिश, स्कॉटिश, फ्रेंच. २००० ते २००५ या सलग सहा विजयांत संघही बदलत गेले. आधी ऑडीचा कारखाना संघ. २००३ मध्ये बेंटली, जिला १९३० नंतर प्रथमच ल माँ मिळाले. २००४ मध्ये जपानचा गो संघ. २००५ मध्ये अमेरिकेचा चँपियन संघ. त्या शेवटच्या वर्षी ऑडी आर-एटचे वजन नियमाने वाढवले होते आणि इंजिनाला मिळणारी हवा कमी केली होती. पेस्कारोलो संघाची गाडी फेरीमागे जलद होती, तरी ही जुनी गाडी चुका न करता पुढे राहिली. जुन्या जमान्यातला ड्रायव्हर जॅकी इक्स याचा ल माँमधल्या सहा विजयांचा विक्रम तिथे मागे पडला.

टीकाकार म्हणतात, ऑडीकडे पैसा होता, गाडी उत्तम होती, अशा गाडीत कोणीही जिंकला असता. आर-एटचा गिअरबॉक्ससह अख्खा मागचा भाग काही मिनिटांत काढून नवा बसवता यायचा, हे खरेच आहे. तरी या टीकाकारांना २००८ ची शर्यत दाखवावी. प्यूजोच्या डिझेल गाड्या पात्रता फेरीत ऑडीपेक्षा सुमारे पाच सेकंद पुढे होत्या. एका फेरीत पाच सेकंद म्हणजे कोरड्या रस्त्यावर खेळ संपलाच. पण रात्री पाऊस आला. ल माँचा पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही; एका टोकाला रस्ता कोरडा, दुसऱ्या टोकाला वाहते पाणी. तीनशेच्या वेगाने जाताना पुढच्या गाडीने उडवलेल्या पाण्यात तिचा मागचा दिवासुद्धा दिसत नाही. अशा वेळी कार्टमधले बूड कामाला येते. प्यूजोवाले ओल्यात अडखळत गेले. ऑडीचे क्रिस्टेन्सन, कापेल्लो आणि मॅकनिश टिकून राहिले आणि साडेचार मिनिटांच्या फरकाने जिंकले. माझ्या मते नऊंपैकी हा विजय सर्वांत मोठा.

नववा विजय मात्र साजरा करता आला नाही. २२ जून २०१३ ला शर्यत सुरू होऊन दहा मिनिटेही झाली नव्हती, तेव्हा ॲलन सिमॉन्सन हा डॅनिश ड्रायव्हर तेर्त्र रूज वळणावर ॲस्टन मार्टिनसह कठड्यावर आदळला आणि दगावला. क्रिस्टेन्सनचे वडीलही काही महिन्यांपूर्वीच गेले होते. दुसऱ्या दिवशी विजेत्यांच्या मंचावर डेन्मार्कचा झेंडा अर्ध्यावर होता. क्रिस्टेन्सनने विजय सिमॉन्सनला अर्पण केला. त्याच हंगामात मॅकनिश आणि लोइक द्युवाल यांच्यासह तो दीर्घ शर्यतींचा जगज्जेता झाला, वयाच्या ४६व्या वर्षी.

आज कार्टमधून बाहेर पडणाऱ्या पोरांसमोरचे गणित आणखी वेगळे झाले आहे. मोटार शर्यतींची जागतिक संघटना ड्रायव्हरांना प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ अशा श्रेणी देते, आणि दुय्यम गटांत संघाला एक तरी खालच्या श्रेणीचा माणूस घ्यावाच लागतो. त्या जागेवर बहुधा संघाचा खर्च उचलणारा हौशी धनिक बसतो. कागदावर सिल्व्हर पण घड्याळावर गोल्ड असा तरुण मिळाला, तर संघ त्याच्यासाठी रांग लावतात. तो दोन वर्षे जिंकला की श्रेणी वाढते आणि मागणी घटते. कोल्हापूरच्या मोहित्यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत, कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. तिथल्या पालकांनी फॉर्म्युला वनच्या वीस-बावीस जागांकडे डोळे लावून बसण्याआधी हा दुसरा हिशेब समजून घ्यायला हरकत नाही. करुण चंढोक फॉर्म्युला वनमधून बाहेर पडल्यावर २०१२ साली ल माँमध्ये उतरला, तिथे शर्यत केलेला पहिला भारतीय ठरला आणि सहावा आला.

पहिला भारतीय खरे तर तीन वर्षे आधीच झाला असता. २००९ मध्ये नारायण कार्तिकेयन कोलेस संघाच्या ऑडीत होता. शर्यत सुरू होण्यापूर्वी पिटच्या भिंतीवरून उडी मारताना त्याचा खांदा निखळला आणि डॉक्टरांनी त्याला बसू दिले नाही. त्याच्या वाटचे तासही उरलेल्या दोघांनी चालवले. त्यातला एक होता आंद्रे लोटरर, कार्टिंगमधून आलेला, फॉर्म्युला वनच्या उंबऱ्यावरून परत फिरलेला आणि क्रिस्टेन्सनसारखाच जपानमध्ये पोट भरणारा. त्याची ती पहिलीच ल माँ होती. तिघांची गाडी दोघांनी सातव्या क्रमांकावर आणली. पुढच्या वर्षी लोटरर ऑडीच्या कारखाना संघात होता. २०११ आणि २०१२ मध्ये तो ल माँ जिंकला. २०१४ मध्ये क्रिस्टेन्सन शेवटचा उतरला, तेव्हा सरावात गाडीचा चुराडा झाला, द्युवाल जखमी झाला, यांत्रिकांनी गाडी नव्याने उभी केली आणि मार्क हेने ऐनवेळी तिसरा म्हणून आला. रविवारी सकाळी ती आघाडीवरही होती. टर्बो बदलण्यात वेळ गेला, ती दुसरी आली, आणि पहिली आली ती लोटररची.