बुडालेल्या तासाची किंमत

आजारपण, लग्नकार्य, शाळेची परीक्षा... तबल्याच्या, कराटेच्या किंवा गणिताच्या क्लासला दांडी पडतेच. बुडालेला तास भरून द्यायचे काही क्लासचालक वेगळे पैसे घेतात. आपल्या वेळेचा मोबदला मिळावा आणि पैशाच्या धाकाने दांड्याही कमी व्हाव्यात, अशी त्यांची अपेक्षा असते. पहिली अपेक्षा रास्तच आहे. दुसरी मात्र अंगलट येऊ शकते.

१९९८ साली उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी इस्रायलमधल्या हैफा शहरातली १० पाळणाघरे निवडली. मुलांना घ्यायला काही पालक उशिरा येत आणि शिक्षिका ताटकळत बसत. पहिले चार आठवडे फक्त नोंदी ठेवल्या गेल्या. पाचव्या आठवड्यापासून सहा पाळणाघरांनी दंड लावला : दहा मिनिटे किंवा अधिक उशीर झाला, तर मुलामागे १० शेकेल. उशीर घटण्याऐवजी वाढत गेला आणि काही आठवड्यांत जवळपास दुप्पट झाला.

आपल्यामुळे शिक्षिकेचा खोळंबा होतो, ही टोचणी आधी पालकांना घाईने आणत होती. दंड आला आणि उशीर ही विकत मिळणारी सोय झाली. सतराव्या आठवड्यात दंड उठवला, तरी उशीर काही कमी झाला नाही. एकदा उडालेली भीड परत आली नाही.

जादा तासाच्या फीतही हाच धोका आहे. 'पैसे भरू, दुसऱ्या दिवशी जाऊ' असा हिशेब एकदा घरात सुरू झाला, की ठरलेल्या वेळेचा मान उरत नाही. ज्यांना ती रक्कम जड जाते, त्यांचा धडा मात्र कायमचा राहून जातो.

मग आगाऊ घेतलेल्या पैशांमुळे तरी हजेरी वाढते का? अमेरिकेत ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाने हंगामी पास घेणाऱ्या काही प्रेक्षकांना, चिठ्ठ्या टाकून निवडावे तसे निवडून, सवलत दिली. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या संशोधकांनी १९८५ मध्ये त्याचा निष्कर्ष मांडला : पूर्ण १५ डॉलर भरणारे हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त नाटकांना आले, दुसऱ्या अर्ध्यात हा फरक ओसरला. नेदरलँड्समध्ये विद्यार्थ्यांच्या जादा शिकवणीवर असाच प्रयोग झाला. तिथे सवलत कमी-जास्त मिळाल्याने बहुतेकांच्या हजेरीत फरक पडला नाही.

शिकण्याची ओढ कुठून येते, याचे उत्तर एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी दिले आहे. आपण स्वतःहून हे निवडले आहे, आपल्याला ते जमू लागले आहे आणि शिकवणाऱ्याला आपली कदर आहे, या तीन जाणिवांवर ती पोसते. फीची पावती यातली एकही जाणीव देऊ शकत नाही.

म्हणून क्लासचालकांनी सत्राच्या फीतच एक-दोन जादा तास धरावेत आणि आधी कळवणाऱ्यालाच ते द्यावेत. आजारी मुलाकडून वेगळे पैसे घेऊ नयेत. त्यापुढच्या तासांची फी घ्यायची असेल, तर ती आपल्या श्रमाचा आणि जागेच्या भाड्याचा मोबदला आहे, असे पालकांना स्पष्ट सांगावे. आणि सारखी दांडी मारणाऱ्या मुलाला पैसे मागण्याआधी, त्याला येणे का जमत नाही, हे विचारावे.