लॅपटॉप घेताना ‘आय-सेव्हन’च्या पुढचा आकडा वाचा



बारावीनंतरचे प्रवेश सुरू झाले, की पलूस भागातल्या घराघरांत एक प्रश्न असतोच : पोराला लॅपटॉप कुठला घ्यायचा? मागच्या वर्षी आमचा एक जुना विद्यार्थी वडिलांना घेऊन आला. उसाच्या बिलातले पंचवीस हजार त्यांनी बाजूला ठेवले होते. एका दुकानदाराने तेवढ्यातच वापरलेला लॅपटॉप दाखवला होता. "सर, आय-सेव्हन हाय. आय-फाईव्हपेक्षा भारीच की!" मी म्हटलं, "अण्णा, पैसे देऊ नका अजून. पुढचा आकडा काय आहे ते बघून या."

आकडा निघाला ३५२०एम. म्हणजे २०१२ सालचा प्रोसेसर!

इंटेलच्या नावात आय-थ्री, आय-फाईव्ह, आय-सेव्हन हा नुसता दर्जा असतो. वय कळतं ते पुढच्या आकड्यावरून. ३५२० म्हणजे तिसरी पिढी, ८२५० म्हणजे आठवी. दहाव्या पिढीपासून पहिले दोन आकडे बघायचे. १२१५ म्हणजे बारावी पिढी. बाराव्या पिढीचा आय-थ्री त्या जुन्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. (अलीकडे कंपनीने ‘आय’ काढून नुसतं ‘कोअर ५’, ‘अल्ट्रा ५’ अशीही नावं आणलीत.) एएमडीच्या रायझनमध्ये तर आणखी गोंधळ. ७५२०यू हे नाव ऐकून नवं वाटतं, पण त्याची आतली रचना २०१९ ची आहे. साध्या कामाला तो चालतो, फक्त आकड्याला भुलून जास्त पैसे मोजू नका.

पिढीला एवढं महत्त्व का? विंडोज १० चा मोफत सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालतं ते साधारण आठव्या पिढीपासून पुढे. त्याआधीच्या मशीनवर कुणी जुगाड करून टाकून दिलं, तरी पुढचे अपडेट मिळतीलच याची खात्री नाही. तीन वर्षांच्या पदवीसाठी असलं मशीन घेण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट रॅम आणि एसएसडी. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅमची आहे, पण ती मशीन सुरू होण्यापुरती. ब्राउझरमध्ये पाच-सहा पानं उघडून शेजारी वर्ड चालू केलं की ४ जीबीवर माऊसचा बाणसुद्धा अडकतो. म्हणून ८ जीबी हवीच. साठवणीला जुनी फिरती हार्ड डिस्क नको; २५६ जीबीची एसएसडी असली तरी १ टीबीच्या हार्ड डिस्कपेक्षा काम झपाट्याने होतं. फोटो-व्हिडिओ पेनड्राईव्हवर ठेवता येतात. स्वस्त नव्या लॅपटॉपवर ‘ईएमएमसी’ लिहिलेलं असेल तर ती एसएसडी नव्हे, बरीच हळू असते.

आता कोर्स बघा. बी.ए., बी.कॉम.वाल्यांना एवढं पुरतं. टॅली शिकायला तिचा शैक्षणिक मोड मोफत आहे (ठरावीक तारखांनाच नोंदी होतात, पण सरावाला पुष्कळ). ऑफिससाठी पैसे नसतील तर लिबरऑफिस फुकट मिळतं. बीसीए किंवा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगवाल्यांनी मात्र रॅम पुढे १६ जीबी करता येईल असंच मशीन घ्यावं, कारण अँड्रॉइड स्टुडिओसारखी सॉफ्टवेअर ८ जीबीत रडतखडत चालतात. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असू शकते, म्हणून स्लॉट रिकामा आहे का हे घेण्याआधीच विचारा. मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांनी क्रोमबुक घेऊ नये. सॉलिडवर्क्ससारखी सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतात.

पंचवीस हजारात मला विचाराल तर कंपन्यांच्या ऑफिसातून आलेले जुने लॅटिट्यूड, थिंकपॅड, एलिटबुक बघा. बॉडी दणकट असते, सुटे भाग मिळतात. पण दुकानातच अर्धा तास बसायचं, लाजायचं नाही. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ उघडलं की प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम, स्लॉट आणि डिस्क एसएसडी आहे का, सगळं दिसतं. दुकानदाराला बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता असे दोन आकडे येतात. दुसरा पहिल्याच्या निम्मा असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून घ्या. सगळ्या की दाबून बघा, कॅमेरा आणि वायफाय लावून बघा. पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या.

नवा घेत असाल तर घरी येऊन दुरुस्तीची सोय आपल्या पिनकोडला आहे का हे विचारा, नाहीतर प्रत्येक वेळी सांगली-कोल्हापूर फेरी. आणि वजन! किर्लोस्करवाडीहून रोज रेल्वेने कॉलेजला जाणाऱ्याला सव्वादोन किलोचं मशीन पाठीवर आठवड्यातच जड होतं.

त्या मुलाने शेवटी आठव्या पिढीचा आय-फाईव्ह घेतला, ८ जीबी रॅम, एक स्लॉट रिकामा. बॅटरी दीड तासच चालायची, म्हणून अण्णांनी घासाघीस करून दुकानदाराकडूनच नवी बसवून घेतली.