शिवेवरचं विशेषण : लिमिट्रोफ

(लेखांक 14)

मध्य रेल्वेच्या फलकावर मराठीत ‘शीव’ आहे आणि इंग्रजीत ‘सायन’. शीव म्हणजे हद्द. मुंबईचं बेट इथं संपायचं आणि खाडीपलीकडे साष्टी लागायची. अशा जागांसाठी इंग्रजीत एक विशेषण आहे, लिमिट्रोफ. सरहद्दीवरचा, सरहद्दीला लागून असलेला, असा त्याचा अर्थ. इंग्रजीत ते क्वचितच भेटतं. फ्रेंचमध्ये मात्र शेजारी देशांबद्दल बोलताना सर्रास वापरतात, आणि इंग्रजीनं ते तिथूनच उचललं.

या शब्दाचा पूर्वार्ध लॅटिन. ‘लिमेस’ म्हणजे सीमा. आपल्या तोंडातलं ‘लिमिट’ त्यातलंच. उत्तरार्ध ग्रीक, आणि खरी गंमत तिथं आहे. ‘ट्रोफोस’ म्हणजे पोसणारा. प्लास्टर काढल्यावर पोटरी बारीक झालेली दिसते, तिला शीव रुग्णालयातले डॉक्टर ‘अ‍ॅट्रोफी’ म्हणतील. त्यातला ‘ट्रोफी’ हाच, पोषणाचा.

म्हणजे लिमिट्रोफ हा मुळात सीमेला पोसणारा. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात सरहद्दीवरच्या फौजेचं धान्य पिकवायला जमिनी राखून ठेवलेल्या असत, त्यांचं हे विशेषण. सहाव्या शतकातल्या जस्टिनियनच्या कायदेसंग्रहात अशा जमिनींवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. सरहद्दीच्या किल्ल्यांची जमीन तिथल्या शिपायांखेरीज दुसऱ्या कुणी ताब्यात ठेवली, तर 423 सालच्या फर्मानानुसार त्याला देहदंड होता. पुढं साम्राज्य गेलं, फौज गेली, आणि शब्दातलं धान्यही गेलं. उरला नुसता ‘लगतचा’. मला हे नुकसान वाटतं, कारण सीमा आखून भागत नाही, तिथं उभ्या माणसाला जेवूही घालावं लागतं.

शीवचाच इतिहास पाहा. टेकडीवरचा काळ्या दगडाचा किल्ला 1669 ते 1677 या काळातला, जेरार्ड ऑन्जिए गव्हर्नर असतानाचा. पलीकडे साष्टीत पोर्तुगीज होते. किल्ल्यानं खाडीवर नजर ठेवली खरी, पण मुंबईची चूल पेटायची ती पलीकडच्या मालावर. ठाणे आणि करंजा इथं पोर्तुगीज मुंबईच्या होड्यांवर जकात बसवत, कधी माल अडवूनही धरत, आणि ऑन्जिएची त्याबद्दल सतत तक्रार असे. 1737 ते 1739 च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी आणि वसई घेतली. धारावीतला काळा किल्ला 1737 चाच, मराठे खाडीपलीकडे येऊन ठेपले त्या वर्षीचा. 1774 मध्ये साष्टी इंग्रजांकडे गेली. 1805 मध्ये गव्हर्नर डंकनच्या नावाचा शीव-कुर्ला बांध पुरा झाला आणि बेटावरून गाडीरस्त्यानं साष्टीत जाता येऊ लागलं. शीव ही राज्याची हद्द उरली नाही. शहराची हद्द मात्र ती 1950 पर्यंत होती. त्या वर्षी महापालिकेनं उपनगरं सामावून घेतली.

मराठीत लिमिट्रोफला प्रतिशब्द म्हणून ‘सीमावर्ती’ चालतो. कागदोपत्री ठीक आहे, पण त्यात पोसण्याचा मागमूस नाही. त्यापेक्षा आपल्या खेड्यातली जोडी जवळची. गावाची हद्द ती शीव, आणि त्या हद्दीतली पिकती जमीन ते शिवार. रोमन शिपायाच्या त्या राखीव शेतांबद्दल मराठीत लिहायची वेळ आली, तर मी ‘सरहद्दीचं शिवार’ असंच लिहीन.