मूळ अंतर्भाग राखून मोटारीत संरक्षक पिंजरा: ‘पद्मिनी’च्या निमित्ताने

गिरगावातील जुन्या चाळींना टेकू देताना जाणता सुतार खांबाच्या डोक्याशी व पायाशी आडवी फळी घालतो. फळीवाचून दिलेला टेकू, ज्या तख्तपोशीला सावरावयाचे तिच्यातच घुसतो. मोटार उलटली असता छत दबू नये म्हणून आत पोलादी नळ्यांचा जो पिंजरा बसवितात, त्याच्यापुढील प्रश्न तत्त्वतः हाच आहे. म्हणून प्रस्तुत विवेचनात नळ्यांपेक्षा त्यांच्या पायांचा विचार अधिक केला आहे.

उदाहरणादाखल मुंबईच्या परिचयाची पद्मिनी घेऊ. प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून तयार होणारी ही मोटार १९७४ पासून पद्मिनी या नावाने निघू लागली. तिचे उत्पादन केव्हाच थांबले. २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा भरताच २०२३ च्या ऑक्टोबरात सेवेतून निवृत्त झाली. उरलेल्या गाड्यांतील पुढचे सलग आसन, सुकाणूच्या दांड्यावरील गिअर, छताचे अस्तर या वस्तू एकदा कापल्या की गेल्याच. दुसऱ्या बाजूला चालकाचा जीव आहे. दोन्ही राखावयाचे तर पूर्ण पिंजऱ्याचा मोह सोडावा लागतो, असे आमचे मत आहे.

पूर्ण पिंजऱ्याची पुढची कमान काचेच्या खांबांलगत उतरते. तिच्यासाठी धातूचा दर्शनी फलक कापावा लागतो, आणि दारांतील आडव्या नळ्यांमुळे सलग आसनावर सरकून बसणेही दुरापास्त होते. शर्यतीत हे क्षम्य ठरेल. परंतु शिरस्त्राणावाचून रस्त्यावर चालविताना डोक्याजवळची उघडी नळी हीच अपघाताचे कारण होऊ शकते, याचा अनेकांना विसर पडतो. याउलट अर्धा पिंजरा, म्हणजे पुढील आसनामागे मधल्या खांबांलगत उभी केलेली एक मुख्य कमान व तिच्यापासून मागे उतरणारे दोन तिरपे आधार, दर्शनी फलकाला स्पर्शही करीत नाही. कमान अस्तरापासून बोटभर खाली ठेवली तर छताचे कापडही शाबूत राहते.

आता पायांकडे वळू. पद्मिनीला स्वतंत्र सांगाडा नाही. भार वाहतात ते दाराखालचे पेटीवजा उंबरठे, तळाचा पत्रा आणि खांब. मुंबईची खारी हवा व पावसाळा यांमुळे गंज प्रथम धरतो तोही बहुधा येथेच. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांत मुख्य कमानीसाठी ४५ मिलिमीटर बाह्य व्यास व २.५ मिलिमीटर जाडीची, बिनसांध्याची पोलादी नळी सांगितली आहे. तिचा छेद भरतो अवघा ३.३ चौरस सेंटिमीटर. एवढ्याशा कडेवर उलटलेल्या गाडीचा आघात आला तर पातळ पत्रा फाटून नळी रस्त्याला लागेल. म्हणूनच तेच नियम प्रत्येक पायाखाली किमान १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाचा व ३ मिलिमीटर जाडीचा पत्रा मागतात. क्षेत्रफळ सुमारे छत्तीस पट झाले, अर्थात सरासरी दाब त्याच प्रमाणात घटला. सुताराची फळी ती हीच. वजनाची भीती मात्र अनाठायी होय: साडेतीन मीटर लांबीच्या कमानीचे वजन सव्वानऊ किलोग्रॅमच्या आसपास येते.

हे पत्रे झाळण्याऐवजी तळाच्या वर व खाली असे दोन ठेवून उच्च ताणशक्तीच्या बोल्टांनी आवळले, तर पिंजरा पुढे उतरविता येतो. भोके उरतातच, तेव्हा ‘काहीही न बदलता’ हे विक्रेत्याचे शब्द समजावेत. गंजलेला तळ आधी बदलून घ्यावा, त्यावर पत्रा ठेवणे निरर्थक आहे. कमानीवर आसनाचेच रेक्झिन चढवून ती लपविण्याची हौसही आम्हांस पसंत नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंच्या बाबतीत नवा भाग मुळापासून वेगळा ओळखता यावा असे म्हटले आहे. तो दंडक येथेही शोभतो. डोके आपटण्याजोग्या भागावर घट्ट संरक्षक गादी हवी, ती निराळी गोष्ट.

मागचे आसन जागेवर राहते, पण तिरप्या आधारांमुळे त्यावर कोणास बसविणे धोक्याचे ठरते. गाडी दोघांचीच होते. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये मूळ रचनेतील फेरफारांवर निर्बंध आहेत. सबब, रस्त्यावर फिरवावयाच्या गाडीत पहिले भोक पाडण्यापूर्वी परिवहन कार्यालयाचे लेखी उत्तर हाती असावे.